वाचकांचे प्रश्न : उल्कापाषाण, जुनी नाणी आणि मेटल डिटेक्टर

मेटल डिटेक्टर आता ऑनलाइन सहज मागवता येतो, आणि त्याबरोबर आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलला आहे. कुणाला आकाशातून पडलेला दगड शोधायचा आहे, कुणाला शेतात सापडलेल्या नाण्यांचे पुढे काय करावे हे विचारायचे आहे. त्यांपैकी सहा प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : २०१२ साली काटोल परिसरात उल्कापाषाण पडले होते. मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. मेटल डिटेक्टर घेऊन त्या भागात फिरलो तर राहिलेले तुकडे मिळतील का, आणि त्यासाठी कोणते यंत्र घ्यावे? (एक विद्यार्थी, नागपूर)

२२ मे २०१२ रोजी दुपारी काटोल आणि आसपासच्या गावांवर उल्कापाषाणांचे तुकडे पडले, आणि ते वेचण्यात तेथील ग्रामस्थांचा मोठा वाटा होता. कॉन्ड्राइट या दगडी प्रकारातील, कमी लोहाच्या एल ६ गटात त्यांची गणना होते. या दगडांचे मोल जाणून घ्यायचे तर एवढे लक्षात घ्यावे की, पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात (कवचाखालील जाड थराच्या खोल भागात) सर्वाधिक प्रमाणात असलेले, पण पृष्ठभागावर सहसा हाती न लागणारे ब्रिजमनाइट हे खनिज काटोलच्या तुकड्यात सूक्ष्म कणांच्या रूपात आढळल्याचे संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झाले. विदर्भातल्या शेतात पडलेल्या दगडाने पृथ्वीच्या पोटातील खनिजाचा अभ्यास पुढे नेला, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता यंत्राविषयी. डिटेक्टरच्या चकतीत तारेची वेटोळी असतात. त्यांतून सतत बदलणारा विद्युतप्रवाह सोडला की जमिनीत चुंबकीय क्षेत्र पसरते. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्यात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात, आणि त्यांचे क्षीण क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. तांब्याचे नाणे किंवा लोखंडाचा सलग गोळा यांचा आवाज त्यामुळे स्पष्ट येतो. एल गटाच्या दगडात मात्र धातुरूप लोह आणि निकेल वजनाने साधारण ४ ते १० टक्केच असते, तेही बारीक कणांच्या रूपात विखुरलेले. साहजिकच त्याचा प्रतिसाद दुबळा असतो. त्यातून आपली जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाची. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटच्या जातीची चुंबकीय खनिजे असल्यामुळे शेतातला साधा धोंडाही यंत्राला बोलायला लावतो. यंत्राचे भूसंतुलन, म्हणजे मातीतील खनिजांचा आवाज वगळण्याची जुळणी, कितीही काळजीपूर्वक केले तरी बेसाल्टचा गोटा आणि कॉन्ड्राइटचा तुकडा यांच्या आवाजांत नवख्याला फरक कळणे कठीण असते. शिवाय शेत म्हटले की बैलांच्या पत्र्या, गाडीचे खिळे, कुंपणाची तार आणि नांगराचे तुकडे हे आलेच. कमी वारंवारितेचे यंत्र धातूंमध्ये भेद करू शकते, पण खनिजयुक्त मातीत गोंधळते. स्पंद पद्धतीचे, म्हणजे प्रवाह ठोक्याठोक्याने सोडणारे यंत्र अशा मातीत अधिक स्थिर राहते, पण धातू ओळखण्यात कमी पडते. कोणतेही यंत्र घेतले तरी लोखंड वगळण्याची सोय बंद ठेवावी लागते, कारण आपण शोधतो ती वस्तूच लोखंडाची असते, आणि मग वर सांगितलेला सगळा भंगारमाल कानावर येऊ लागतो.

डिटेक्टरने मोठे उल्कापाषाण सापडल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ब्रेनहॅम येथे २००५ साली सुमारे ६५० किलो वजनाचा उल्कापाषाण जमिनीखाली दोन मीटरहून अधिक खोलीवर सापडला. परंतु तो पॅलासाइट प्रकारचा, म्हणजे धातूने भरलेला होता, आणि शोधण्यासाठी मोठे वेटोळे वाहनामागे ओढत शेते पालथी घातली होती. काटोलचे राहिलेले तुकडे लहान आहेत, त्यांच्यावरून दहाहून अधिक पावसाळे गेले आहेत, त्यांतील लोहाला गंज चढला असणार, आणि उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगा तर बरेच काही गिळतात. म्हणून माझा सल्ला असा की, काटोलसाठी यंत्र घेऊ नये. दगडी उल्कापाषाण शोधण्याचे सर्वांत चांगले साधन म्हणजे सराव झालेला डोळा, आणि सर्वांत चांगला काळ म्हणजे पतनानंतरचे पहिले काही दिवस, पाऊस पडण्यापूर्वीचे. पुढे कधी आपल्या परिसरात असे पतन झाले, तर शेतकऱ्याची परवानगी घेऊन रांगेने चालत शोध घ्यावा, आणि सापडलेल्या प्रत्येक तुकड्याची जागा मोबाइलवरील अक्षांश-रेखांशांसह लिहून ठेवावी. कोणता तुकडा कोठे पडला याचा नकाशा तयार झाला की दगड कोणत्या दिशेने आला, हवेत कसा फुटला आणि त्याचे आणखी तुकडे कोठे असू शकतील, हे सांगता येते. जागेची नोंद नसलेला तुकडा या हिशेबात धरता येत नाही.

प्रश्न : माझ्या शाळेतील एका मुलाने माळावरून काळा, जड दगड आणला आहे. त्याला चुंबक चिकटते. हा उल्कापाषाण आहे हे कसे ठरवावे? (एक शिक्षिका, अहिल्यानगर जिल्हा)

सर्वप्रथम एक विनंती: त्या दगडाला चुंबक लावणे आजच थांबवावे. चुंबक लावून पाहण्याचा सल्ला जुन्या पुस्तकांत सर्रास आढळतो, परंतु उल्कापाषाणातील खनिजांनी आपल्या जन्मकाळच्या चुंबकीय क्षेत्राची खूण जपलेली असते, आणि जोरदार चुंबक क्षणात ती खूण पुसून टाकते. मंगळावरून आलेल्या, ‘ब्लॅक ब्यूटी’ नावाने प्रसिद्ध असलेल्या उल्कापाषाणाच्या तुकड्यांची चुंबकीय स्मृती अशाच हाताळणीमुळे पुसली गेल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. अब्जावधी वर्षांपूर्वीच्या मंगळाची माहिती खिशातल्या चुंबकाने जावी, याची मनापासून हळहळ वाटते.

आता ओळखीच्या खुणा पाहू. नुकत्याच पडलेल्या दगडावर मिलिमीटरभराहूनही पातळ, बहुधा निस्तेज काळी, वितळून थिजलेली साल असते. कोपरा उडालेला असेल तर आतला भाग राखाडी दिसतो आणि त्यात धातूचे बारीक चकाकते कण असतात. कडा बोथट असतात आणि पृष्ठभागावर कधीकधी ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे खळगे असतात. दगडात बुडबुड्यांची छिद्रे असतील, किंवा त्या छिद्रांत पांढरी गारगोटी वा झिओलाइटचे स्फटिक भरलेले असतील, तर तो आपला सह्याद्रीचा बेसाल्टच समजावा. बिनचकाकीच्या फरशीवर, म्हणजे टाइलच्या मागच्या खडबडीत बाजूवर, घासल्यावर तांबूस रेघ उमटली तर ते हेमॅटाइट, काळी उमटली तर बहुधा मॅग्नेटाइट; उल्कापाषाणाची सहसा रेघ उमटत नाही. जुन्या लोहारकामाचे लोहकीटही काळे आणि जड असते आणि चुंबकाकडे ओढले जाते. आपल्याकडे येणाऱ्या चौकशांमधील बहुतेक दगड यांपैकीच एक असतात.

एवढे पाहूनही शंका उरली तर दगड धुऊ नये, कापू नये आणि शक्यतो उघड्या हाताने हाताळू नये. कोरड्या, स्वच्छ अॅल्युमिनियमच्या वेष्टनात ठेवावा आणि छायाचित्रांसह भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाशी संपर्क साधावा. देशातील उल्कापाषाणांचा मोठा संग्रह ही संस्था कोलकात्यात सांभाळते. दगड किरणोत्सारी असेल या भीतीला आधार नाही. मुलाचे मात्र सर्वांसमक्ष कौतुक करावे, आणि दगड त्याने नेमका कोठून उचलला ती जागा त्याच्याकडून आजच नकाशावर दाखवून घ्यावी, कारण मुलांच्या ते फार दिवस लक्षात राहत नाही.

प्रश्न : लोणारचे विवर उल्कापाताने झाले, मग तेथे डिटेक्टरने त्याचे तुकडे का शोधू नयेत? (एक वाचक, मेहकर)

कायद्याचे कारण आधी सांगतो: लोणार सरोवराचा परिसर वन्यजीव अभयारण्य आहे आणि २०२० पासून ते रामसर क्षेत्रही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे, तेथे खणणे किंवा काही उचलून नेणे चालणार नाही. शास्त्रीय कारणही तितकेच सबळ आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर निर्माण करणारी वस्तू आघाताच्या उष्णतेत जवळजवळ पूर्णपणे वितळून आणि वाफ होऊन गेली. लोणारचा पुरावा आहे तो आघाताने बदललेल्या स्थानिक खडकांत: फेल्डस्पार या खनिजाचे, आकार तसाच राहून, काचेत रूपांतर झालेले मास्केलिनाइट, चिरडलेला बेसाल्ट आणि काचेचे बारीक मणी. यांपैकी कशाचाही डिटेक्टरला उपयोगी असा आवाज येत नाही.

प्रश्न : शंभर फुटांवरून सोने दाखवणारे यंत्र असल्याचे सांगून एक गृहस्थ गावात फिरत आहेत. जुन्या वाड्यातील गुप्तधन काढून देण्यासाठी ते आगाऊ रक्कम मागतात. विश्वास ठेवावा का? (एक वाचक, हिंगोली जिल्हा)

मुळीच ठेवू नये. हातात धरायच्या चांगल्या डिटेक्टरला रुपयाएवढे नाणे साधारण वीतभर किंवा त्याहून थोड्या अधिक खोलीपर्यंतच कळते. वस्तू मोठी असेल तर खोली वाढते, परंतु शंभर फुटांवरून सोने ओळखणारे यंत्र अस्तित्वात नाही. फिरत्या दांडीची अशीच बनावट ‘शोधक यंत्रे’ बॉम्ब शोधण्यासाठी म्हणून इराकला विकणाऱ्या एका ब्रिटिश व्यापाऱ्याला २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या यंत्रांवर विसंबलेल्या चौक्यांवर माणसांचे जीव धोक्यात आले होते. वीज पडून ‘सिद्ध’ झालेले तांब्याचे भांडे, तांदूळ ओढणारा धातू, लाखोंचा उल्कापाषाण, हे सारे त्याच फसवणुकीचे प्रकार आहेत. याला पूजा, उतारा किंवा बळी यांची जोड दिली जात असेल तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा थेट लागू होतो, कारण गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा त्याच्या अनुसूचीत स्पष्ट उल्लेख आहे. पैसे देण्यापूर्वीच पोलीस ठाण्यात कळवावे. आपल्यानंतर ज्याच्या दारी हे गृहस्थ जातील त्याचेही त्यामुळे रक्षण होईल.

प्रश्न : पांढरीच्या (जुन्या गावठाणाच्या) कडेला आमची जमीन आहे. नांगरताना तांब्याची दहा-बारा नाणी आणि जुनी खापरे निघाली. शेजारी म्हणतात की रात्री मशीन फिरवू, उरलेले काढून घेऊ, सरकारला कळले तर जमीनही जाईल. काय करावे? (एक शेतकरी, नेवासे तालुका)

आपण विचारलेत हे फार चांगले केले. या पत्राला सर्वांत सविस्तर उत्तर देत आहे, कारण अशी भीती गावोगाव आहे आणि तिच्यापायी महाराष्ट्राचा पुष्कळ इतिहास मुकाट्याने भंगारात गेला आहे.

आधी कायदा पाहू. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची कोणतीही वस्तू सापडली तर काय सापडले, कोठे आणि कोणत्या दिवशी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, आणि वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा मागितल्यावर हजर करण्याची हमी द्यावी लागते. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून हक्क सांगणाऱ्यांना बोलावतात. निधी बेवारस ठरला तर, वेगळा करार नसल्यास, शोधणाऱ्यास तीन चतुर्थांश आणि जमीनमालकास एक चतुर्थांश हिस्सा मिळतो. सरकारला तो निधी स्वतःकडे घ्यायचा असेल तर त्यातील धातूची किंमत आणि तिच्या एक पंचमांश इतकी अधिक रक्कम द्यावी लागते. याउलट, माहिती दडवल्यास हिस्सा तर जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नाणी सापडल्यामुळे जमीन काढून घेण्याची तरतूद या कायद्यात कोठेही नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होतो; परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. आपली पांढर संरक्षित स्थळांच्या यादीत असेल तर तेथे खणणे हाच गुन्हा ठरतो; यादी तहसील कार्यालयात किंवा राज्य पुरातत्त्व संचालनालयाकडे तपासून मिळेल.

रात्री यंत्र फिरवण्याने काय बिघडते, हे आपल्याच जिल्ह्यातील दायमाबादच्या उदाहरणावरून सांगतो. प्रवरेच्या काठी वसलेल्या या ताम्रपाषाणकालीन गावात १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार ओतीव ब्राँझ वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक आहे. भारतीय धातुशिल्पात त्यांच्या तोडीची कामे फार थोडी आहेत. मात्र त्या थरांच्या शास्त्रशुद्ध उत्खननात मिळाल्या नाहीत. पुढे तेथे विस्तृत उत्खनन झाले, अनेक अभ्यासकांनी परिस्थितीजन्य पुराव्यावरून त्या उत्तर (अखेरच्या) हडप्पा काळातल्या मानल्या, तर धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्या इतक्या जुन्या नसाव्यात असाही आक्षेप घेतला गेला. पन्नास वर्षे हा वाद चालू आहे. त्या वस्तूंभोवतीची वीतभर माती, राखेचा थर, एखादे रंगीत खापर जागच्या जागी नोंदले गेले असते, तर हा प्रश्न बहुधा सुटला असता. त्या शेतकऱ्याच्या हातून काही वावगे घडले नव्हते. यंत्राचा आवाज ऐकून मुद्दाम खड्डा घेणारा माणूस मात्र नाण्यापाठोपाठ हाच पुरावा एकेका फावड्याने उधळून लावतो. तांब्याच्या शिवराईला बाजारात जी किंमत येईल ती येवो. ती कोणत्या मडक्यात, कोणत्या थरात, कोणत्या नाण्यांसोबत होती, हे कळले तर त्या गावाचा बाजार, दुष्काळ किंवा पळापळ यांविषयी काही सांगता येते.

त्यामुळे आपण असे करावे. ज्या तासात नाणी निघाली तेथे तूर्त नांगर घालू नये. नाणी चिंचेने किंवा पितांबरीने घासू नयेत, कारण हिरवट थराखालीच अक्षरे शाबूत असतात. प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे मोजपट्टी ठेवून काढावीत. पोलीस पाटील व तलाठी यांच्यासमक्ष पंचनामा करून घ्यावा, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. खापरे टाकून देऊ नयेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेतील अभ्यासकाला बहुधा नाण्यांपेक्षाही त्यांच्यावरून अधिक सांगता येईल.

माझे मत येथे मोकळेपणाने नोंदवतो. दहा रुपयांची मर्यादा आणि कैदेची धास्ती असलेला १८७८ चा कायदा शेतकऱ्याला बोलते करत नाही. प्रत्येक जिल्ह्यात एक असा माणूस हवा, ज्याच्याकडे शेतकरी सापडलेली वस्तू निर्धास्तपणे घेऊन जाईल, ती पाहून नोंदली जाईल आणि त्याच्या नावासह संग्रहालयात मांडली जाईल. तशी व्यवस्था उभी राहिली तर रात्रीच्या यंत्रांना पायबंद घालण्याचे निम्मे काम गावकरीच करतील.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये नोकरीनिमित्त राहतो आणि शनिवारी-रविवारी डिटेक्टर घेऊन स्थानिक मंडळाबरोबर शेतांत जातो. डिसेंबरमध्ये साताऱ्याला येताना यंत्र आणावे, आणि इंग्लंडमध्ये सापडलेली काही रोमन नाणी पुतण्याला भेट म्हणून आणावीत, असा विचार आहे. (एक वाचक, लेस्टर)

इंग्लंडमध्ये हा छंद रीतसर चालतो, कारण तेथे त्याला नोंदीची जोड दिलेली आहे. जमीनमालकाची परवानगी लागते, संरक्षित स्मारकांवर परवान्याशिवाय यंत्र चालवता येत नाही, आणि १९९६ च्या कायद्यानुसार निधीच्या व्याख्येत बसणारी वस्तू सापडल्यास १४ दिवसांत कळवावी लागते. त्या व्याख्येत न बसणाऱ्या वस्तूही १९९७ पासून सुरू असलेल्या नोंदणी योजनेत स्वेच्छेने नोंदवल्या जातात आणि त्यांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली आहे. सफोकमधील हॉक्सन येथे नोव्हेंबर १९९२ मध्ये एक गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा यंत्राने शोधत होते आणि त्यांना रोमन काळातील सोन्या-चांदीचा साठा लागला. थोडे हाती आल्यावर त्यांनी खणणे थांबवले आणि अधिकाऱ्यांना कळवले. पुरातत्त्वज्ञांनी दुसऱ्याच दिवशी साठा उचलला, त्यामुळे सुमारे १५,००० नाणी आणि भांडी पेटीत कशी रचून ठेवली होती हेही समजले. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हातातले फावडे त्या क्षणी खाली ठेवणे, हे या छंदातले सर्वांत मोठे कसब आहे असे मी मानतो.

आपली रोमन नाणी नोंदणी अधिकाऱ्याला दाखवली आहेत का, हे आधी पाहावे. तेथील जमिनीतून निघालेली पुरातत्त्वीय वस्तू देशाबाहेर नेण्यासाठी निर्यात परवाना लागतो. किंमत किरकोळ असली तरी तो घेतल्याशिवाय निघू नये.

यंत्र मात्र तिकडेच ठेवावे. साताऱ्याच्या परिसरात गड, गढ्या, जुन्या पेठा आणि लेणी इतक्या दाटीने आहेत की कोठे संरक्षित हद्द सुरू होते हे चालताना कळत नाही. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटर विनियमित क्षेत्र असते, आणि खुद्द संरक्षित क्षेत्रात खणायला परवानगी लागते. जुलै २०२५ मध्ये प्रतापगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, तेव्हा बंदोबस्त आणखी कडक होणार हे उघड आहे. पुतण्याला या विषयाची गोडी लावायची असेल तर त्याला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात न्यावे; दायमाबादच्या ब्राँझ वस्तूंपैकी काही तेथे आहेत. आणि आपल्या स्वतःच्या शेतात नांगरटीत काही वर आले, तर नेवाशाच्या वाचकाला वर सांगितलेली पद्धत आपल्यालाही जशीच्या तशी लागू आहे.